खांबाचा दगड भुसभुशीत झालाय, 'नॅनो कोटिंग' मारावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बोरी नदीकाठच्या तुमच्या गावात काळ्या दगडाचं जुनं महादेवाचं मंदिर आहे. सभामंडपातल्या चार खांबांचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग हात लावला की झडतो, आणि सकाळी झाडलेल्या जागी दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकटी दिसते. बाहेरच्या भिंतीवरच्या दोन मूर्तींचे पापुद्रे सुटताहेत. एका विक्रेत्यानं दगडावर 'नॅनो कोटिंग' लावून वर पाणी ओतलं, ते मोत्यासारखं घरंगळलं, आणि एकदा मारलं की 25 वर्षं बघायला नको असं तो सांगून गेला. लोकवर्गणी जमली आहे, महाशिवरात्रीच्या आत काम व्हावं असा गावाचा आग्रह आहे. तर मारावं का?

यंदाच्या महाशिवरात्रीआधी मारू नका. पुढच्या वर्षी कदाचित काही भागावर मारावं लागेल, पण ते बहुतेक विक्रेत्यानं दाखवलेलं नसेल. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण तुम्हाला हे गावापुढे मांडायचं आहे आणि नुसतं 'तज्ज्ञ नको म्हणाले' एवढ्यानं कोणी ऐकणार नाही.

मी 20 वर्षांहून जास्त काळ धुळे-जळगाव भागात जुन्या दगडाचं आणि चुन्याचं काम करतो. नॅनो पदार्थ मी स्वतः वापरलेत. काही ठिकाणी त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कशानंच झालं नसतं, म्हणून माझा त्यांना विरोध नाही. पण तुम्ही विचारताय 'कोणतं औषध मारू', आणि खरा प्रश्न आहे 'खांब फक्त खालूनच का झडतात'. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय औषध निवडता येत नाही.

आधी विक्रेत्यानं काय दाखवलं ते समजून घ्या. पाणी घरंगळणं म्हणजे दगड मजबूत होणं नव्हे. पृष्ठभागावर पाणी टिकू न देणारे पदार्थ वेगळे आणि आतून सुटलेले कण एकमेकांना बांधणारे पदार्थ वेगळे. पहिले बहुधा सिलेन-सिलोक्सेन जातीचे, म्हणजे सिलिकॉनची संयुगं असतात. त्यात थोडे नॅनो आकाराचे सिलिकाचे (वाळूत असतं ते द्रव्य) कण घातले की डब्यावर 'नॅनो' लिहिता येतं. तुमच्या खांबात पाणी समोरून येत नाहीये, खालून चढतंय. खालून चढणाऱ्या पाण्यासमोर असा थर लावला की पाण्याला द्रवरूपात बाहेर येता येत नाही, ते थराच्या मागेच वाफ होतं आणि त्यातले क्षार तिथेच साठतात. क्षाराचा स्फटिक बनताना दगडाच्या छिद्रावर आतून दाब देतो. मग वरचा टणक थर पापडासारखा अख्खा सुटतो, आणि जाताना कोरीव कामही घेऊन जातो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका मंदिराच्या जोत्यावर मी इथाइल सिलिकेट मारलं होतं. ते पाणी अडवणारंही नव्हतं, चांगलं मजबुती देणारं द्रव्य होतं. पण जोत्यातले क्षार मी काढले नव्हते, आणि मागच्या बाजूचा तुंबलेला नाला तसाच होता. पहिलं वर्ष काम सुंदर दिसलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो तर जोत्यावरच्या पानाफुलांच्या पट्टीचा तीन-चार मिलिमीटर जाडीचा कडक पापुद्रा हाताएवढ्या तुकड्यांत खाली पडलेला होता. मी काही केलं नसतं तर ती पट्टी हळूहळू झिजली असती. माझ्यामुळे ती एकदम गेली. तिथल्या म्हाताऱ्या वडार मिस्तरीनं मला काम सुरू करतानाच अहिराणीत सांगितलं होतं, "पानी कथाईन येस ते पह्यले देख." म्हणजे पाणी कुठून येतं ते आधी बघ. मी पाहिलं नव्हतं. आता प्रत्येक कामात सुरुवात त्या वाक्यापासून करतो.

तर तुमच्या खांबांकडे पाणी कुठून येतं? तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला एक गोष्ट दिसली. सभामंडपात चकचकीत टाइल्स बसवल्या आहेत आणि त्या खांबाला घट्ट भिडवून सिमेंटनं सांधल्या आहेत. बाहेर अंगणातही काँक्रीट दिसतं. खानदेशात गेल्या काही वर्षांत गावोगावी हे झालंय, श्रद्धेनंच झालंय. पण पूर्वी जमिनीतली ओल दगडी फरशीच्या सांध्यांमधून, अंगणातल्या मातीतून बाहेर पडायची. आता तिला मोकळी जागा एकच उरली, खांब आणि भिंत. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, दिवाळीपर्यंत सोडत नाही. त्यात अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ तुंबली असेल तर गाभाऱ्याकडूनही ओल येते. सिमेंटमधून सल्फेटचे क्षार येतात, जवळ गुरं बांधत असतील तर नायट्रेटचे. खांबावर जिथपर्यंत भुकटी आहे तिथपर्यंतच ओल चढून वाळते, असं बहुतेक वेळा दिसतं. वर दगड शाबूत आणि खाली भुसा, हे लक्षण त्याचंच.

हे सगळं मी फोटोवरून बोलतोय. प्रत्यक्षात कारण वेगळं निघू शकतं, आणि ते थोडंफार तुम्हीच तपासू शकता. खांबावर ओलीची रेघ कुठे आहे ती खडूनं आखा, बाजूला फूटपट्टी धरून फोटो काढा, दर महिन्याला त्याच जागेवरून. वैशाखात रेघ खाली उतरली आणि भाद्रपदात वर चढली तर ओल जमिनीतली आहे. वर्षभर तिथेच राहिली तर जवळची पाण्याची टाकी, नळ, गटार तपासा. रेघ वरून खाली येत असेल तर छत गळतंय, आणि मग माझा वरचा सगळा तर्क बाजूला ठेवायचा.

आता दगडाबद्दल, कारण इथे बाहेरून आलेले सल्ले चुकतात. नॅनो पदार्थांवरचं बरंचसं लेखन युरोपातल्या चुनखडीच्या दगडावरचं आहे. आपला दगड बेसाल्ट. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तर बेसाल्ट म्हणजे फेल्स्पार, पायरॉक्सिन आणि ज्वालामुखीची काच, सगळी सिलिकेट घराण्यातली. तो कुजतो तेव्हा काच आणि लोहयुक्त खनिजं आधी जातात आणि त्यांची चिकणमाती होते. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. शिवाय आपल्याकडचा बराच दगड पोकळ्यांचा असतो आणि त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेली असतात. जळगावच्या खाणीतले स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत, ते याच पोकळ्यांतले. खांबात मात्र ती खनिजं सुटून पडली की मागे खड्डे राहतात, आणि लोकांना वाटतं दगडाला कीड लागली.

म्हणून दगडाचा एक पडलेला कपचा, सुपारीएवढा, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयात नेऊन द्या. ते त्याचा 0.03 मिलिमीटर जाडीचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. फुगणारी माती किती आहे हे कळलं तर निम्मा निर्णय तिथेच होतो. मुद्दाम दगड तोडायचा नाही, पडलेलाच घ्यायचा.

आता नॅनो म्हणजे काय ते सांगतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. केसाची जाडी साधारण 80 हजार नॅनोमीटर भरते. कण इतके बारीक केले की ते दगडाच्या छिद्रांत शिरू शकतील, ही मूळ कल्पना.

सगळ्यात जास्त नाव नॅनोलाइमचं. आपल्याकडे चुन्याची निवळी माहीत आहे. पूर्वी मिस्तरी भुसभुशीत गिलाव्यावर निवळी अनेक दिवस शिंपडायचे. त्यात अडचण एवढीच की एक लिटर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो. थोडासा चुना आत न्यायला भिंतीत बादल्या ओताव्या लागतात. इटलीत फ्लॉरेन्सला 1966 च्या महापुरात भित्तिचित्रांची फार हानी झाली, त्यानंतर तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी यावर दीर्घकाळ काम केलं. पुढे पिएरो बाल्योनी यांच्या गटानं चुन्याचे नॅनो आकाराचे कण अल्कोहोलमध्ये तरंगते ठेवण्याची पद्धत आणली. पाणी न घालता लिटरमागे 5 ते 50 ग्रॅम चुना आत नेता येतो. अल्कोहोल उडून जातं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. जुन्या चुन्याला नव्या चुन्यानंच बांधायचं, इतकं सुसंगत औषध क्वचित मिळतं.

एका पडक्या घुमटीच्या आतल्या चुन्याच्या नक्षीवर मी ते वापरलंय. बोट लावलं की पीठ पडायचं. लिटरला 5 ग्रॅमपासून सुरुवात केली, जपानी कागदावरून कुंचल्यानं, दिवसाआड. मध्ये पाण्याचा हलका फवारा, कारण ओल नसेल तर चुना पिकत नाही. तीन आठवड्यांनी नक्षीवरून मऊ ब्रश फिरवता आला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

पण ती नक्षी चुन्याची होती. तुमच्या काळ्या खांबावर नॅनोलाइम हा माझा पहिला पर्याय नाही. एक तर चुन्याचं सिलिकेटशी नातं चुन्याशी असतं तितकं घट्ट जमत नाही. दुसरं, अल्कोहोल उडताना बाहेर येतं आणि येताना बारीक कण सोबत ओढून पृष्ठभागावर आणून टाकतं. पांढऱ्या दगडावर ते खपून जातं, काळ्या दगडावर धुकं पसरल्यासारखं दिसतं. आपल्या उन्हात, 42-44 अंशांत तापलेल्या दगडावर, तर अल्कोहोल आत जायच्या आधीच उडतं. मात्र तुमच्या मंदिराचे सांधे मूळ चुन्याचे आहेत आणि शिखराच्या आत चुन्याचा गिलावा आहे, तिथे त्याचा उपयोग होऊ शकतो.

बेसाल्टसाठी जवळचं औषध म्हणजे सिलिकाचं. इथाइल सिलिकेट पाण्यासारखं पातळ असतं, म्हणून खोल जातं. आत गेल्यावर दगडातल्या आणि हवेतल्या ओलाव्याशी त्याची अभिक्रिया होऊन छिद्रांमध्ये सिलिकाचं जाळं तयार होतं आणि अल्कोहोल उडून जातं. हे नवं नाही. लंडनच्या पार्लमेंटच्या झिजणाऱ्या दगडासाठी हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं 1861 मध्येच ते सुचवलं होतं. त्याचा दोष असा की वाळताना ते जाळं आकसतं आणि त्याला तडे जातात, तळ्यातला गाळ वाळून फुटतो तसे. नॅनो संशोधनाचा खरा फायदा मला इथे दिसतो. त्यात सिलिकाचे नॅनो कण मिसळले, किंवा छिद्रं मोठी ठेवणारं एखादं द्रव्य घातलं, तर तडे कमी होतात आणि दगडाची वाफ बाहेर सोडण्याची क्षमता टिकते. स्पेनमधल्या कादिझ विद्यापीठात यावर चांगलं काम झालंय. नुसत्या पाण्यात मिसळलेलं नॅनोसिलिकाही मिळतं. पण दगडात क्षार असतील तर ते त्यांच्या संपर्कात येऊन वरच्यावर गोठतं, आणि वरून पाणी गेल्यानं क्षार पुन्हा विरघळून फिरू लागतात. तुमच्या खांबाला ते मी लावणार नाही. आणि कापात फुगणारी माती भरपूर निघाली तर इथाइल सिलिकेटसुद्धा एकटं पुरत नाही. ओलं-कोरडं होताना माती फुगते आणि ते जाळं पुन्हा तुटतं. अशा वेळी मातीचं फुगणं आवरणारी वेगळी प्रक्रिया आधी करावी लागते, आणि ती जाणकाराच्या हातानंच व्हावी.

टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनो लेपही विकले जातात. त्यांचं काम उन्हात शेवाळ-काजळी धरू न देणं. मजबुतीशी त्यांचा संबंध नाही, सभामंडपाच्या सावलीत तर तेही होणार नाही.

कोणतंही द्रव्य असो, मला एकच गोष्ट पाहायची असते: ते कुजलेला सगळा थर पार करून आतल्या धडक्या दगडापर्यंत पोचतं का? कुजलेला थर 15 मिलिमीटरचा आणि औषध गेलं 4 मिलिमीटर, तर आपण भुशावर पापड लाटला. माझ्या त्या जोत्यावर क्षारांबरोबर हेही झालं होतं. कण बारीक आहेत म्हणून खोल जातील असं नाही. छिद्रं किती मोठी, आत किती ओल, दगडावर काय माखलंय, यावर ते ठरतं. आपल्या मंदिरांत खांबांना पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे हात लागलेले असतात, शेंदूर असतो, मध्येच कोणीतरी ऑइल पेंट दिलेला असतो. तेल प्यालेला दगड दुसरं काही पीत नाही.

यासाठी एक सोपी चाचणी करा. कोरड्या दिवशी, झडणाऱ्या भागावर ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब ठेवा आणि तो शोषला जायला किती सेकंद लागतात ते मोजा. तसाच वरच्या शाबूत भागावर, आणि तेलकट दिसणाऱ्या भागावर. आम्ही हेच काम मोजपट्टी असलेली काचेची नळी दगडाला चिकटवून करतो, पण थेंबानं अंदाज येतो. दुसरी चाचणी चिकटपट्टीची. झडणाऱ्या जागेवर हलकेच लावून काढा, किती भुकटी आली ते काळ्या कागदावर चिकटवून तारखेसह ठेवा. कोरीव भागावर ही चाचणी करायची नाही.

मूर्तींचं दुखणं वेगळं आहे. तिथे पापुद्रे आणि मूळ दगड यांच्यात फट पडली आहे. फट केसाच्या जाडीपेक्षा रुंद झाली की कोणतंही नॅनो द्रव्य ती भरून सांधत नाही, ते फक्त कणाला कण जोडतं. तिथे आधी पापुद्र्याच्या कडा बारीक चाळलेल्या चुन्याच्या मसाल्यानं धरायच्या, मग सुईनं पातळ चुना आत सोडायचा, आणि त्यानंतर गरज असेल तरच मजबुतीकरण. हे हाताचं, सावकाश काम आहे. गावातल्या उत्साही मुलांना त्या मूर्ती धुवायला देऊ नका, अभिषेकाचा पाइपही त्या बाजूला नको. खांबाला किंवा तुळईला उभा-आडवा तडा असेल तर तो विषय संरचना अभियंत्याचा, औषधाचा नाही.

आणि काही गोष्टी परत निघत नाहीत हे गावाला सांगा. अजिंठा आपल्या उंबरठ्यावर आहे. निजाम सरकारनं 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी चित्रं सांभाळण्यासाठी त्यावर लाखेचं व्हार्निश दिलं. त्या काळी ते उत्तम मानलेलं काम होतं. पुढे लाख पिवळी-तपकिरी पडली, खालचे रंग झाकले गेले, आणि ती काढण्यात नंतरच्या पिढ्यांची वर्षं गेली. दगडात गेलेलं सिलिका तर काढताच येत नाही. म्हणून मी नेहमी विचारतो की यावर उद्या दुसरा इलाज करता येईल का. पाणी अडवणाऱ्या लेपानंतर तो बहुतेक करता येत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पहिल्यांदा मंदिर संरक्षित यादीत आहे का ते राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे विचारलं असतं. धुळे जिल्ह्यातल्या बलसाण्याच्या किंवा जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेवच्या मंदिरासारखं केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय कुंचलाही लावता येत नाही. राज्याच्या यादीत असेल तरी तेच. नसेल तरी त्यांचं मत घ्या, ते लेखी मागा.

मग वर्गणीतला पहिला पैसा पाण्यावर घाला. छताचे सांधे चुन्यानं भरा, सिमेंटनं नाही. पन्हळ मोकळी करा. अंगणातलं काँक्रीट भिंतीपासून दोन-तीन फूट काढून तिथे खडीची चारी करा. चारीला उतार बाहेर असावा, आणि पायाच्या खाली खोदायचं नाही. खांबाभोवतीच्या टाइल्स वीतभर काढून तिथे जुनी दगडी फरशी चुन्यात बसवा. टाइल्स काढताना ब्रेकर लावू नका, छिन्नी-हातोडीनं सावकाश काढा. मग एक पूर्ण उन्हाळा खांब वाळू द्या. वाळताना सुरुवातीला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, जास्त फुलेल, घाबरू नका, तो बाहेर येतोय. कोरड्या मऊ ब्रशनं झाडा आणि भरून दूर टाका, पाण्यानं धुवायचं नाही, नाहीतर तो परत आत जातो. क्षार फार असतील तर शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचे लेप द्यावे लागतील. ते मी सांगेन तेव्हा.

पुढच्या दिवाळीनंतर, सकाळच्या गार वेळी, मागच्या बाजूच्या एका खांबावर तळहाताएवढ्या जागेत चाचणी घेऊ. शेजारी तेवढीच जागा काही न लावता सोडू. इथाइल सिलिकेट पूर्ण पिकायला तीन-चार आठवडे लागतात, आणि खरा निकाल एक पावसाळा गेल्यावरच कळतो. लावताना आणि नंतर वास जाईपर्यंत सभामंडपात दिवा, उदबत्ती, कापूर काही नाही. ही द्रव्यं पेट घेतात, गाभाऱ्यात वाफ साठते. काम करणाऱ्याच्या तोंडाला रसायनाची वाफ अडवणारा मास्क हवा, रुमाल नव्हे.

विक्रेता पुन्हा आला तर त्याच्याशी भांडू नका. डब्यात नेमकं काय आहे त्याचं सुरक्षा पत्रक मागा. बेसाल्टवर कुठे केलं, आणि किमान तीन पावसाळे झालेलं काम कुठे बघायला मिळेल, ते विचारा. तो सांगू शकला तर मलाही घेऊन चला, मला बघायचंय.

तोवर तीन गोष्टी कळवा: थेंबाचे सेकंद, तिन्ही जागांचे वेगवेगळे. खडूच्या रेघेची जमिनीपासूनची उंची, चारही खांबांची. आणि अंगणातलं काँक्रीट कोणत्या वर्षी झालं ते जाणत्या माणसांना विचारून. खांब त्याच्यानंतर झडू लागले की आधीपासून झडत होते, हे गावातल्या आजीबाईंना नक्की आठवत असेल.